गारगोटीची झळाळी

बाजारात मडके घेताना आपल्याकडच्या बायका आधी त्यावर टिचकी मारतात. नाद खणखणीत आला तर पैसे काढतात, बद्द आला तर मडके परत खाली. मेक्सिको देशातली काळी भांडी जमवण्याची हौस असलेल्या माणसालाही ही परीक्षा यावी लागते. पण पुष्कळ जण तिथे नुसती चमक पाहून भुलतात.

ही भांडी होतात दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहराजवळ, सान बार्तोलो कोयोतेपेक या गावी. वस्ती सापोतेक लोकांची. जवळच्या डोंगरावर मोंते आल्बान नावाचे त्यांचे प्राचीन नगर आहे. तिथे उत्खननात करड्या रंगाची भांडी सापडली आहेत. म्हणजे हे काम आजकालचे नव्हे. स्पॅनिश लोक 1519 साली मेक्सिकोत उतरले, त्याआधी तिथे कुंभाराचे चाक नव्हतेच. आजही या गावचे कुंभार एक थाळी पालथी घालतात, तिच्यावर दुसरी उताणी ठेवतात, वरच्या थाळीत मातीचा गोळा ठेवून ती हाताने फिरवतात. तेवढ्यावर डौलदार घागर उभी राहते!

आता माती काळी म्हणून भांडे काळे, असे मात्र समजू नका. भाजताना भट्टीची तोंडे लिंपून टाकतात. आत हवा शिरत नाही, धूर कोंडतो आणि मातीतले लोह तांबडे होण्याऐवजी काळे पडते. गुरुजी, वर्गात हे दाखवायचे तर एखादी फुटकी वीट शोधा. बाहेरून तांबडी, पण गाभ्यात काळसर अशी वीट हमखास मिळते. गाभ्यापर्यंत हवा पोचली नाही, त्याचीच ती खूण.

पूर्वी हे भांडे काळेभोर नव्हते. करडे आणि बिनचमकीचे होते. त्यात पाणी भरत. घायपातीच्या गाभ्यापासून काढतात ती मेस्काल नावाची दारूही भरत. मग 1950 च्या सुमारास रोसा रेआल या कुंभारणीने एक युक्ती काढली. भांडे पुरते वाळण्याआधी तिने ते गारगोटीने घोटले आणि जरा कमी आचेवर भाजले. भांडे आरशासारखे चमकू लागले! प्रवासी, परदेशी हौशी लोक धावत आले. रोसाबाई 1980 साली वारल्या. त्यांच्या घराण्याने काम पुढे चालवले आणि सगळ्या गावाने ही रीत उचलली.

पण या झळाळीची किंमत पडली. आच वाढवली तर चमक जाते, आणि आच कमी ठेवली तर भांडे कच्चे राहते. त्यात पाणी ठरत नाही, धक्क्याने ते लवकर फुटते. म्हणजे घागर दिवाणखान्यात गेली आणि पाणवठ्याला मुकली. कुंभाराला दोष देता येईल का? गिऱ्हाईक जे मागेल ते तो करणार. शिवाय याच चमकीने गावच्या चुली पेटत्या राहिल्या. माझे म्हणणे संग्रह करणाऱ्याला आहे. बाबा रे, चमकते भांडे जरूर घे, पण शेजारी एक जुन्या वळणाची करडी घागरही घे. ती दिसायला साधी, पण टिचकी मारली की घंटेसारखी वाजते. तिला मागणी राहिली तरच ती घडवणारे हात राहतील.

आणखी एक. ‘उकरून काढलेले, हजार वर्षांचे आहे’ असे कुणी कानात सांगू लागला तर तिथून उठावे. मेक्सिकोच्या 1972 च्या कायद्याने जमिनीतल्या प्राचीन वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत. त्या देशाबाहेर नेणे हा गुन्हा. नव्या भांड्यात कमीपणा कसला? कुणी घडवले ते विचारावे, नाव टिपून ठेवावे.

चमकते भांडे घरी आणल्यावर कोरड्या फडक्याने पुसावे. फुले ठेवायचीच झाली तर आत काचेचा पेला ठेवून त्यात पाणी घालावे.