भिंतीवरची जुनी बंदूक

जुन्या वाड्याच्या माळ्यावर, अडगळींत एखादी बंदूक सांपडते आणि घरांतील मंडळींत तीन प्रश्न उठतात : ही कोणत्या काळची, हिची किंमत काय, आणि हिला लखलखीत करून दिवाणखान्यांत टांगावी कीं नाहीं? या तिहींच्याहि आधीं चौथा प्रश्न विचारावयास हवा : ही भरलेली तर नाहीं ना?

ठासणीच्या बंदुकीचा बार तोंडाकडून भरतात आणि एकदां ठासलेला बार उडविल्यावांचून सहसा बाहेर येत नाहीं. शिकारीहून रिकाम्या हातानें परतलेला पणजोबा ती तशीच खुंटीला अडकवी. सोरा, गंधक व कोळसा यांची ही दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनींहि पेट घेते. परीक्षा सोपी आहे. नळीचें तोंड कोणाच्याहि रोखानें न ठेवतां, घोड्याला व चापाला हात न लावतां, लांकडी काठी तळाला टेकेपर्यंत हळूच आंत सोडावी व तोंडापाशीं खूण करावी. मग तीच काठी, खूण तोंडाशीं जुळवून, नळीच्या बाहेरून धरावी. काठीचें टोंक मागच्या कानाच्या भोंकापर्यंत न पोंचतां दोन-तीन बोटें अलीकडेच राहिलें, तर आंत कांहीं तरी आहे असें समजावें. तें कोरून काढण्याचा पराक्रम घरीं करूं नये. परवाना असलेल्या कारागिरासच बोलवावें.

नळी रिकामी ठरली कीं ओळखीचें काम घोड्यापासून आरंभावें. नागमोडी पकडींत जामगी धरण्याची सोय असेल तर ती तोड्याची बंदूक. मात्र हिंदुस्थानांत ही जात एकोणिसाव्या शतकांतहि वापरांत होती. तेव्हां जामगी दिसली एवढ्यावरून ती शिवकालीन ठरवूं नये. घराण्यांतील दंतकथा बंदुकीपेक्षां बहुधा शंभर-दीडशें वर्षांनीं वडील असते! घोड्याच्या जबड्यांत गारेचा तुकडा बसत असेल तर ती गारेची बंदूक. स्कॉटलंडांतील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यानें १८०७ सालीं स्फोटक क्षारानें बार पेटविण्याचें पेटंट घेतलें, त्यांतून पुढें तांब्याची टोपी निघाली, आणि कित्येक गारेच्या बंदुका टोपीच्या करून घेण्यांत आल्या. अशा बंदुकीच्या घोड्याखालील पट्टीवर बुजविलेलीं जुनीं भोंकें दिसतात.

त्याच पट्टीवर कंपनी सरकारची खूण सांपडते. आधींच्या बंदुकांवर चार भाग केलेलें हृदय व त्यांत कंपनीचीं आद्याक्षरें, तर पुढच्यांवर मुकुट धरून उभा ठाकलेला सिंह. ३९ इंचांची नळी व सुमारें पाऊण इंचाचें तोंड असेल तर ती बहुधा ‘ब्राउन बेस’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बंदुकीची हिंदी घडण होय.

१८५३ च्या एनफील्ड रायफलीची कथा याहून बोलकी आहे. तिच्या ०·५७७ इंच नळींत तीन आटे असत. याच रायफलीच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्यानंतर हिंदी शिपायांसाठीं बाहेरून तशीच, पण आंतून आटे नसलेली, ०·६५६ इंचांची बंदूक काढण्यांत आली. दोघी जुळ्या बहिणी दिसतात. पण नळीच्या आंत पाहिलें म्हणजे राज्यकर्त्यांचा अविश्वास दिसतो. खैबरच्या बाजूस, विशेषतः दर्रा आदमखेल येथें, विलायती बंदुकांच्या हुबेहूब नकलाहि झाल्या. एखादें इंग्रजी अक्षर उलटें कोरलेलें असेल तर संशय धरावा.

शिकारी बंदुकीच्या नळीवर खालच्या बाजूस परीक्षेचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें झालें, तेव्हां त्याचा ठसा त्यापूर्वींचा असूंच शकत नाहीं. ‘१२’ हा आंकडा इंचांचा नव्हे; एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांपैकीं एक जिच्यांत बसेल ती नळी, एवढाच त्याचा अर्थ.

किंमत ठरते ती मूळपणावर. चमकणारी, पण बदललेला घोडा व नवा दस्ता असलेली बंदूक तपकिरी, अखंड बंदुकीपुढें फिकी पडते. सर्वांत अधिक नुकसान दुकानांतून आणलेल्या पॉलिश-कागदानें होतें. ठसे व कोरीव अक्षरें घासून गेलीं कीं वंशावळच पुसली. लाल, हाताला लागणारा गंज काढावा, पण काळपट तपकिरी थर राहूं द्यावा. मऊ फडक्यानें पातळ तेल लावावें, दस्त्याला थोडें मेण. जुने स्क्रू हातानें पाडलेले, म्हणून ज्याचें भोंक त्यालाच येतें; काढल्यास क्रमानें मांडून ठेवावेत.

कायद्याचा गैरसमज मात्र फार आहे. १९५९ चा शस्त्रकायदा जुन्या घडणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांस सूट देतो. पण दुरुस्त करूनहि तें उडवितां येणार नाहीं, अशी अट आहे. गंजलेली, परंतु दुरुस्तीनें उडणारी बंदूक परवान्यावांचून ठेवणें गुन्हा ठरूं शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तु १९७२ च्या कायद्यान्वयें पुराणवस्तु ठरली तर ती परदेशीं धाडतां येत नाहीं.

कोकणांतील पावसाळ्यांत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. पुष्कळ घरांत बंदूक चामड्याच्या म्यानांत घालून पेटींत ठेवितात. चामडें ओल धरतें आणि भाद्रपदांत पेटी उघडावी तों नळीवर गंजाचे चट्टे उठलेले असतात. ती सुती कापडांत गुंडाळून, हवा खेळेल अशा कोरड्या जागीं आडवी ठेवावी आणि दर पंधरवड्यास एकदां तेलाचा हात फिरवावा.