विळी, सुरी आणि आपलीं बोटें



भाजी चिरणें हें काम इतकें नित्याचें आहे कीं, त्यावर भाषण करावयाचें म्हटलें तर कित्येकांस हंसूं येईल. परंतु स्वयंपाकघरांत वावरूनहि ज्याचें बोट कधींच कापलें नाहीं, असा माणूस विरळाच. ही जखम बहुधा किरकोळ असते, हें खरें. तथापि बोटाच्या कातडीखालीं, फारशा खोल नव्हे, अशा दोऱ्या असतात कीं ज्यांच्या ओढीनें बोट वाकतें व सरळ होतें. आणि बोटाच्या दोन्ही अंगांनीं स्पर्शज्ञान देणाऱ्या नसा जातात. त्यांपैकीं एखादी तुटली तर शिवणकाम करणारी, पेटी वाजविणारा किंवा खानावळींत पोळ्या लाटणारी यांची उपजीविकाच अडते. म्हणून हा विषय क्षुल्लक मानूं नये.

आपल्याकडे हें काम पिढ्यान्‌पिढ्या विळीवर होत आलें. विळीची रचना पाहा. लाकडी पाटावर लोखंडी पातें उभें बसविलेलें. त्याची धार बसणाराच्या बाजूस. पाट पायाखालीं दाबलेला. पातें जागचें हालत नाहीं. भाजीच दोन्ही हातांनीं धरून पात्याकडे न्यावयाची असते. दोन्ही हात एकाच कामांत गुंतल्यामुळें कोणतें बोट कोठें आहे याची जाणीव हातांस राहते, आणि मनांत येतांच ते थांबतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहरांतील घरांतून उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा रूढ होत गेला व ओट्यावर सुरी आली. सुरीचा न्याय विळीच्या नेमका उलट आहे. येथें भाजी स्थिर राहावयाची आणि पात्यानें चालावयाचें. आपण हत्यार बदललें, पण हाताची संवय पुष्कळांनीं बदलली नाहीं. अजूनहि बटाटा तळहातावर धरून सुरी अंगठ्याकडे ओढणारे लोक घरोघर दिसतात. विळीवर जें कसब, तेंच सुरीच्या बाबतींत संकट ठरतें. कारण बटाटा एकाएकीं चिरून संपला कीं पुढें अंगठाच असतो. आज मला मुख्यतः हेंच सांगावयाचें आहे कीं, विळीवर विळीसारखें चिरावें आणि सुरीनें सुरीसारखें.

सुरीसारखें म्हणजे कसें? प्रथम फळीचा विचार करूं. गुळगुळीत ओट्यावर फळी सरकते. म्हणून तिच्याखालीं ओलें फडकें पिळून पसरावें. दुसरी गोष्ट, भाजीला बैठक द्यावी. कांदा, बटाटा, बीट हे जात्याच घरंगळणारे. त्यांचे मधोमध दोन भाग करून सपाट बाजू फळीवर टेकवली कीं ते मुकाट्यानें बसतात. कांद्याचें मुळाकडील टोक शेवटपर्यंत राखावें, म्हणजे त्याच्या पाकळ्या सुटून निसटत नाहींत. तिसरी गोष्ट भाजी धरणाऱ्या हाताची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. बोटांचीं टोकें आंत वळवावीं, अंगठा त्यांच्या मागें ठेवावा, आणि बोटांच्या वाकलेल्या सांध्यांना पात्याचें सपाट अंग टेकून चालूं द्यावें. पातें त्या सांध्यांच्या वर उचलूं नये. अशा रीतीनें धरल्यास धारेच्या वाटेंत बोटाचें टोक नसतेंच. आरंभीं हात अवघडतो. पण आठपंधरा दिवस सावकाश चिरलें कीं ही ठेवण अंगवळणीं पडते. वेग आपोआप मागाहून येतो. त्याच्या मागें लागूं नये.

कांहीं भाज्यांना निराळी सावधगिरी लागते. लाल भोपळ्याची साल टणक. त्यांत अडकलेल्या सुरीवर मूठ मारूं नये. त्यापेक्षां बाजारांतून कापलेली फोडच आणावी. फणस चिरतांना चीक लागूं नये म्हणून आपण हातांस व पात्यास तेल लावतों. पण सुरीची मूठ मात्र कोरडी पुसून घ्यावी, नाहीं तर तीच हातांतून फिरते.

आतां धारेविषयीं. "धारेची सुरी लागेल, त्यापेक्षां बोथट बरी," असा एक समज आहे. तो घातक आहे. धार म्हणजे पात्याच्या कडेचा बारीकपणा. कड बारीक असली कीं हाताचा थोडा जोरहि अगदीं अरुंद जागीं एकवटतो आणि भाजी चिरली जाते. कड जाड झाली कीं सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते. मग आपण जोर करतों, आणि जोरांत सुटलेला हात वेळेवर आंवरत नाहीं. यास्तव सुरी वेळोवेळीं निसण्यावर घांसावी, नाहीं तर धारवाल्याकडे द्यावी. धार लागली कीं नाहीं हें टोमॅटोवर पाहावें, अंगठ्यावर नव्हे. ज्यांच्या घरीं स्वयंपाकास बाई येते, त्यांनीं तर हें कर्तव्यच मानावें. सुरी आपली आणि बोट तिचें, असा हा व्यवहार असतो. बोथट सुरी तिच्या हातीं देऊन वर घाई करणें न्यायाचें नव्हे.

सुरी हातांतून निसटली तर झेलूं नये. मागें सरावें व तिला पडूं द्यावें. साबणाच्या पाण्यांत बुडवून ठेवूं नये, कारण भांडीं घासणाराचा हात आधीं तिच्यावरच पडतो. दुसऱ्यास द्यावयाची असल्यास खालीं ठेवावी व त्यानें उचलावी. विळीचें काम संपतांच ती धुवून, पुसून, आडवी करून, धार भिंतीकडे ठेवावी. रांगत्या मुलाला उभी विळी आणि लांकडी घोडा यांतला भेद कळत नाहीं.

इतकें करूनहि बोट कापलेंच तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानें धुवावी आणि स्वच्छ फडक्यानें १० मिनिटें एकसारखी दाबून हात उंच धरावा. मधून मधून उघडून पाहूं नये. हळद किंवा कॉफीची पूड जखमेंत भरूं नये. त्यानें घाण आंत जाते व डॉक्टरांसहि जखम नीट दिसत नाहीं. रक्त थांबत नसेल, बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल, तर विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. धनुर्वात गंजामुळें होतो, असें अनेकांस वाटतें. वस्तुतः त्याचे जंतु मातींत व धुळींत असतात. तेव्हां चकचकीत सुरीनें झालेल्या जखमेंतहि ते शिरूं शकतात. त्यावरील लस आपण पूर्वीं केव्हां घेतली होती, हें डॉक्टरांस अवश्य सांगावें.

शेवटीं एक विनंती. पूर्वीं मुली आईशेजारीं बसून पाहतां पाहतां विळी शिकत. आज शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परगांवीं गेलेलीं मुलें-मुली एकट्यानेंच सुरी हातीं धरतात; त्यांना दाखविणारें जवळ कोणी नसतें. तरी त्यांनीं घर सोडण्यापूर्वींच, मुलगा असो वा मुलगी, शेजारीं उभें करून चार कांदे त्यांच्याकडून चिरवून घ्यावे.