ब्रह्मदेशाचा पाऊस



१८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास पदच्युत केले. पुढील वर्षी त्याला रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. १९१६ साली तेथेच त्याचा अंत झाला. याच्या उलट, रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी भोगली मंडालेच्या तुरुंगात. एकाच साम्राज्याने केलेली ही अदलाबदल इतिहासात नोंदली गेली आहे. तिची दुसरी बाजू मात्र भूगोलाची आहे.

रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मंडालेस सरासरी एक हजारही पडत नाही. दोन्ही ठिकाणी पाऊस आणतात ते नैर्ऋत्य मोसमी वारेच. मग हा फरक कशाने पडतो? उत्तर डोंगरांत आहे. रत्नागिरी सह्याद्रीच्या समुद्राकडील बाजूस आहे, तर मंडाले आराकान योमा या पर्वतरांगेच्या पलीकडे, पर्जन्यछायेत. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प या रांगेवर चढताना थंड होते आणि आराकानच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पाच हजार मिलिमीटरांपर्यंत पाऊस ओतते. रांग ओलांडून वारा खाली उतरतो तेव्हा तो कोरडा झालेला असतो. कोकणातून घाट चढून माणदेशात उतरणाऱ्यास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आज म्यानमार या नावाने ओळखला जाणारा हा देश सुमारे १० ते २८ उत्तर अक्षांशांमध्ये पसरला आहे आणि महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. उत्तरेस हिमाच्छादित शिखरे, पूर्वेस शानचे पठार, पश्चिमेस आराकानची रांग आणि मधून सुमारे दोन हजार किलोमीटर वाहणारी इरावती, असा त्याचा घाट आहे. ऋतू तीन. मार्च ते मेचा मध्य उन्हाळा. तेथून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा. मंडालेच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले ते १९१०-११ च्या हिवाळ्यात.

मध्य ब्रह्मदेशाच्या या कोरड्या पट्ट्यात भाताऐवजी तीळ, भुईमूग आणि कडधान्ये पिकतात. ताडाच्या रसाचा गूळ होतो. भारतात आयात होणाऱ्या उडदाचा मोठा वाटा ब्रह्मदेशातून येतो. पाऊस कमी असूनही पगानचे वैभवशाली राज्य याच पट्ट्यात उभे राहिले. त्याला अन्न पुरविले ते चौक्सेच्या कालव्यांनी. शान पठारावर पडलेला पाऊस नद्यांतून खाली येई. तो बंधाऱ्यांनी अडवून शेतांत वळविला जाई. जेथे पाऊस पडत नाही तेथे पाणी आणता येते, हे त्या लोकांनी जाणले होते.

इरावतीच्या मुखाशी प्रश्न उलटा आहे. तेथे पाणी भरपूर, पण जमीन समुद्राच्या पातळीहून फारशी उंच नाही. १८५२ साली इंग्रजांनी हा प्रदेश घेतला. त्यानंतर जंगल तोडून भातशेती वाढविण्यात आली आणि ब्रह्मदेश जगाला तांदूळ पुरवू लागला. पुढे शेती, जळण आणि कोळंबीची तळी यांसाठी खारफुटीही तुटत गेली. २ मे २००८ रोजी ‘नर्गिस’ चक्रीवादळ या त्रिभुज प्रदेशावर आदळले. वाऱ्याने लोटलेले समुद्राचे पाणी सपाट जमिनीवरून कित्येक किलोमीटर आत शिरले. त्याला अडविणारा डोंगर नव्हता आणि त्याचा जोर मोडणारी खारफुटी विरळ झाली होती. सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. भारतीय हवामान विभागाने या वादळाच्या पूर्वसूचना दिल्या होत्या. परंतु खाडीकाठच्या असंख्य खेड्यांपर्यंत इशारा वेळेत पोहोचला नाही, आणि पोहोचला तेथेही उंच, सुरक्षित जागा नव्हती.

‘हवामान उष्ण, दमट व मोसमी’ असे एका ओळीचे उत्तर लिहून परीक्षेत गुण मिळतात. ते उत्तर चुकीचे नाही. पण त्यात मंडालेची धूळ नाही, चौक्सेचा कालवा नाही आणि २ मेच्या रात्री झाडाला बिलगून राहिलेली माणसेही नाहीत. डोंगर कोणत्या बाजूस आहे, समुद्र किती जवळ आहे, किनाऱ्यावरचे झाड कोणी तोडले आणि इशारा कोणापर्यंत पोहोचला, हे चार प्रश्न विचारले म्हणजे भूगोल माणसांपर्यंत येतो. साठ वर्षे नकाशे उलगडणाऱ्या शाळेने पुढील पिढीच्या हाती हे प्रश्न द्यावेत. उत्तरे शोधण्यासाठी ब्रह्मदेशापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या गावची नदी आणि तिच्या काठची वस्ती यांपासूनही आरंभ करता येईल.