गावच्या शाळांनी राखलेले मैदान



अमेरिकेतील आयोवा हे मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे राज्य. तेथे १९२० साली मुलींची पहिली राज्य बास्केटबॉल स्पर्धा झाली. परंतु १९२५ साली शालेय क्रीडासंघटनेने ती बंद करावयाचे ठरविले. असा खेळ मुलींच्या प्रकृतीस झेपत नाही व त्यांना शोभतही नाही, असा त्या काळचा समज होता. तेव्हा खेड्यांतील लहान शाळा एकत्र आल्या आणि त्यांनी मुलींसाठी स्वतंत्र संघटना उभारली.

खेळ सहा जणींचा. तिघी चढाई करीत, तिघी बचाव; मधली रेघ कोणी ओलांडावयाची नाही. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेने एव्हर्ली शाळेस ११३-१०७ असे हरविले. त्यात डेनिस लाँग या मुलीने एकटीने ६४ गुण मिळविले. मुलींना शिक्षणात व खेळात समान संधी देणारा अमेरिकन कायदा त्यानंतर, १९७२ साली आला. सहा जणींचा खेळ १९९३ साली संपला, पाच जणींचा आला. संघटना मात्र आजही उभी आहे.

पालकहो, त्या शाळा लहान होत्या, पण एकट्या राहिल्या नाहीत. मुलीचे नाव संघातून काढण्यापूर्वी आपणही शेजारच्या शाळेतील पालकांशी बोला. सोबत शिक्षिका, अंगभर पोशाख, दिवसाउजेडी परतीची गाडी, हे सारे मिळून ठरविता येते. आणि मुलींनो, तुम्ही सरावाला वेळेवर या.