चिठ्ठीसकट द्या

आजचा विषय आहे गावची संग्रहालयं आणि रोमचा वारसा. विषय मोठा, मिनिटं मोजकी. तेव्हा सातवाहन म्हणजे दख्खनचे प्राचीन राजे, पेरिप्लस म्हणजे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेलं सागरी व्यापाराचं टिपण, एवढंच सांगतो आणि सरळ तेरला जातो.

तेर म्हटलं की संत गोरोबाकाकांचं तेर, हे आपल्या सगळ्यांच्या मनात असतंच. पण गोरोबाकाकांच्या आधी हजार-बाराशे वर्षं हे गाव समुद्रापलीकडे माहीत होतं. पहिल्या शतकातल्या त्या ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथून साधं कापड, तलम मलमल, तऱ्हेतऱ्हेचा माल बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला येतो. हे तगर कुठलं, यावर विद्वानांचा पुष्कळ काळ वाद चालला. कुणी जुन्नर म्हणे, कुणी धारूर. कोल्हापूरचे आणि कोकणचे शिलाहार राजे तर आपल्या ताम्रपटांत 'तगरपुरवराधीश्वर' असं बिरुद मिरवत होते. शेवटी १९०१ साली अभ्यासक फ्लीट यांनी सांगितलं, तगर म्हणजे तेरणाकाठचं तेर. आज ते सर्वमान्य आहे.

आता संग्रहालयाकडे येतो. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या. पांढरी म्हणजे काय ते खेड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. जुनी वस्ती बसून बसून झालेली ती राखाडी मातीची टेकाडं. पाऊस पडून उघडीप झाली की त्या उतारांवर मणी चमकतात, खापरं वर येतात, कधी एखादं शिशाचं नाणं दिसतं. पोरं वेचतात, खेळतात, हरवतात. लामतुऱ्यांनी ते वेचलं आणि राखलं. पुढे त्या घरानं तो सगळा संग्रह शासनाला दिला आणि तेरमध्ये त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. पैठणलाही तसंच. तिथल्या संग्रहालयाला बाळासाहेब पाटलांचं नाव आहे. सरकारनं खोदून काढण्याआधी गावच्या माणसांनी जपून ठेवलं, म्हणून आज काही पाहायला मिळतं. हे ऋण मोठं आहे. ते मी आधी मान्य करतो, कारण पुढे मी थोडं रागावणार आहे.

तेरच्या त्या संग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी बाई आहे. वीतभरही उंची नाही. अंगावर वस्त्र म्हणावं असं काही नाही, पण दागिने भरघोस, आणि कोरणाऱ्यानं पुढूनही कोरलंय आणि पाठीमागूनही. जी वस्तू हातात धरून फिरवायची तिलाच माणूस दोन्हीकडून कोरतो. म्हणून अभ्यासक म्हणतात, ही आरशाची मूठ असावी. तुम्ही तेरला गेलात तर घाईघाईनं पुढे जाऊ नका. काचेच्या बाजूनं जरा वाकून तिची पाठ पाहता आली तर पाहा.

आणि आता इटलीत चला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पाँपेई शहर राखेखाली गेलं. त्या राखेतून १९३८ साली, मैउरी या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात, एका घरात अशीच एक हस्तिदंती बाई निघाली. ही मोठी आहे, सुमारे २५ सेंटिमीटरची. दोन बाजूंना दोन लहान दासी, हातात शृंगाराचं सामान. पायांत जाड तोडे. डोक्यातून खाली गेलेलं भोक आहे, म्हणजे तीही कशाला तरी जोडलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी तिला लक्ष्मी म्हटलं, आता पुष्कळ जण यक्षी म्हणतात. तो वाद आज बाजूला ठेवू.

माझं म्हणणं इथून सुरू होतं, तेव्हा कान इकडे द्या. पाँपेईची बाई ७९ सालच्या आधीची आहे, यात शंका नाही. राखेनं तिच्यावर तारीखच मारली. पण ती घडली कुठे? ते तिथली राख सांगू शकत नाही. पायाशी खरोष्ठी लिपीतली एक खूण आहे, म्हणून काही जण वायव्येकडे बोट दाखवतात. आणि तेरची बाई? ती तेरच्या मातीतून आली हे आपल्याला माहीत आहे. पण किती खोलीवर होती, शेजारी कुठली खापरं होती, वर कुठल्या काळाची राख बसली होती, हे कुणी लिहिलेलं नाही. म्हणजे एकीचं साल माहीत आहे, गाव नाही. दुसरीचं गाव माहीत आहे, साल नाही. दोन्हींच्या पत्त्यातला अर्धा-अर्धा भाग हरवलाय आणि एकमेकींच्या आधारानं आपण तो भरतो आहोत.

मग १९७३ साली जालना जिल्ह्यात भोकरदनला देव आणि गुप्ते यांनी उत्खनन केलं. तिथं याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. खालचाच भाग, दासींसकट. दिसायला तेरच्या बाईइतका देखणा नाही, तुटका आहे. पण तो थरातून आला! कुठल्या खड्ड्यात, किती खोल, सोबत काय, सगळं लिहिलेलं. त्या तुटक्या तुकड्याच्या जोरावर मधुकर ढवळीकरांसारख्या अभ्यासकाला म्हणता आलं की पाँपेईच्या बाईचं माहेर भोकरदनच्या बाजूला असू शकतं. पाहा, तुटक्या तुकड्यानं अख्ख्या मूर्तीपेक्षा जास्त काम केलं. का? त्याच्याबरोबर चिठ्ठी होती.

चिठ्ठी. हाच माझा आजचा एकमेव मुद्दा आहे. रोमचं नाव आलं की माणसं सोन्याच्या मोहरांच्या गप्पांत गुंततात आणि हे कानाआड होतं, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आपल्याकडे घरातली म्हातारी बाई बियाण्याची गाडगी राखते. राखेत बी घोळवायचं, लिंबाचा पाला घालायचा, शेणामातीनं तोंड लिंपायचं. कुठल्या गाडग्यात काय, ते तिला पाठ असतं. ही मालदांडी, वरच्या पट्टीतली. ही खरिपाची. हे तीन सालांपूर्वीचं, याला आता हात लावायचा नाही. आणि एके दिवशी म्हातारी जाते. सुनेनं पाच गाडगी फोडली, पाचांत ज्वारी. दाणा टपोरा, कीड नाही, बी खोटं नाही. पण कुठली रब्बीची, कुठली खरिपाची, कुठली उगवेल, सांगणारं कुणी नाही. पेरायची हिंमत होत नाही. मग काय करतात? दळून खातात. बियाणं होतं, त्याचं पीठ झालं.

संग्रहालयाला चिठ्ठीशिवाय दिलेली वस्तू अशी दळणाला जाते. वस्तू खरी असते, सुंदर असते, काचेत शोभते. पण तिच्यातून पुढचं काही उगवत नाही. नवा अभ्यासक येतो, विचारतो, हे कुठलं? रखवालदार सांगतो, दान आलंय. दान कुणाचं ते पाटीवर असतं. वस्तू कुठली, ते नसतं.

मी एका शाळेतलं कपाट पाहिलंय, शाळेचं नाव सांगत नाही. जुन्या गुरुजींनी पोरांकडून मणी, नाणी, खापरं जमवून पुड्या बांधल्या होत्या, प्रत्येक पुडीवर शिवाराचं नाव. मग एका उन्हाळ्यात रंगकाम निघालं. पुड्या सोडल्या, कागद कचरा म्हणून जाळला आणि सगळं एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओतलं. माझ्या पुढ्यात तो डबा आला तेव्हा वर तीन मातीच्या चकत्या होत्या. रुपयाएवढ्या, एका बाजूला माणसाचं डोकं, कडेनं अक्षरांसारख्या रेघा, वर ओवायला भोक. रोमन नाण्यांवरून घडवलेली लटकनं. आपल्या कुंभारांनी सम्राटाचं डोकं साच्यात घेतलं आणि अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून नुसत्या रेघा ओढल्या. अशी लटकनं तेरला मिळतात, नेवाशाला मिळतात, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळाली. मी विचारलं, या तिन्ही कुठल्या शिवारातल्या? कुणाला सांगता आलं नाही. श्रोतेहो, त्या तीन चकत्या एकाच शेतातल्या असत्या तर तिथं त्या घडवणाऱ्याची भट्टी शोधता आली असती. तीन गावांतल्या असत्या तर तो माल कुठवर फिरला ते नकाशावर मांडता आलं असतं. दोन्ही वाटा त्या जळालेल्या कागदाबरोबर गेल्या. याचा मला अजून राग आहे आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

कोल्हापूरचं नाव घेतलंच आहे तर दोन शब्द. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी खोदकाम केलं. त्याच टेकडीवर त्याच्या थोडं आधी मिळालेल्या काशाच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची मूर्ती आहे, उभी, दाढीवाली, हातभरसुद्धा नाही. ती टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. तिच्याबरोबर मिळालेल्या वस्तू एकत्र नोंदल्या गेल्या, म्हणून त्यातलं बाहेरून आलेलं काय आणि इथं घडलेलं काय हे आज वेगळं करता येतं. नोंद होती म्हणून. बस, कोल्हापूरवर इतकंच.

आता कुणी म्हणेल, मग लामतुऱ्यांच्या संग्रहाला किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. कारण त्या घराण्यानं एक गोष्ट नकळत सांभाळली. त्यांनी देशोदेशीचं विकत आणून भर घातली नाही, आपल्या परिसरातलं राखलं. 'तेर' एवढी दोन अक्षरांची चिठ्ठी त्या सगळ्या संग्रहाला आपोआप लागली. डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर पुस्तक लिहिलं ते या चिठ्ठीच्या भरवशावर. चापेकरांनी १९५८ मध्ये तेरला खोदकाम केलं, थर नोंदले, आणि मग संग्रहातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती त्या थरांशी ताडून पाहता आल्या. दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, जोडून, आतून पोकळ केलेल्या त्या मूर्ती. ही दोन साच्यांची रीत रोमच्या संपर्कातून आली असं काही अभ्यासक मानतात. त्यावर बोलायला आवडलं असतं, पण घड्याळ पुढे चाललंय.

खोदणारे आणि देणारे, दोघंही हवेत. खोदणारा दहा वर्षांतून एकदा येतो, चार खड्डे घेतो. पांढरीची माती मात्र दरसाल शेतात खत म्हणून जाते, विहिरी खोदल्या जातात, घरांचे पाये काढले जातात. हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत होतं, आमच्या नाही. तुम्ही लिहिलं नाही तर ते कुणीच लिहिणार नाही.

काही जणांना धास्ती असते, सांगितलं तर चौकशी लागेल, शेत अडकेल. १८७८चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, हे खरं. ते कळवायचंच. त्या कायद्यात शोधणाऱ्याचा वाटाही धरलेला आहे, हे लोक सांगत नाहीत. यावर वेगळं बोलावं लागेल, आज वेळ नाही.

तर करायचं काय, ते सांगून थांबतो. मणी सापडला, खापर सापडलं, तर एक कागद घ्या. शिवाराचं नाव, गट नंबर, ओढ्याच्या कुठल्या अंगाला. विहीर खोदताना मिळालं असेल तर किती परसावर. माती काळी होती, राखेची होती की भाजक्या विटांची. सोबत काय होतं. कुणाला मिळालं, कधी. पेनानं नको, पेन्सिलीनं लिहा, ओल लागली तरी शिसं पसरत नाही. ज्या पुडीत वस्तू, त्याच पुडीत कागद, आणि एक प्रत घरच्या वहीत. घरात आजोबांच्या काळचं काही असेल तर आजोबा आहेत तोवर आज संध्याकाळी विचारून घ्या. मग हवं तर संग्रहालयाला द्या, आणि देताना त्यांच्या नोंदवहीत ही चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घेतात की नाही ते उभं राहून पाहा. नसतील घेत तर म्हणा, चिठ्ठीसकट घ्या. हा तुमचा हक्क आहे.

आणि एक राहिलंच. तांब्याचं नाणं सापडलं की घरोघरी ते चिंचेनं घासतात, लखलखीत करतात. तसं करू नका. त्या हिरव्या थराबरोबर वरची पुसट अक्षरंही निघून जातात. माती लागलेलं असेल तसंच, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा.