खुर्ची दुसऱ्याला देणारा माणूस

आमच्या अम्मीची भिशी असायची. चाळीसगावच्या आमच्या मोहल्ल्यातल्या बारा बायका, महिन्याला दहा रुपये. अम्मीला लिहिता येत नव्हतं, पण कुणाचा नंबर कधी हे तिला तोंडपाठ असे. पैसा कधी बुडाला नाही. अब्बांनी मात्र एका सहकारी संस्थेचा शेअर घेतला होता. ती संस्था बुडाली. तो दाखला ते वीजबिलांच्या गठ्ठ्यात ठेवीत आणि विषय निघाला की चहा टाकायला सांगत.

त्यामुळे सहकार या शब्दाकडे मी तसा संशयानंच पाहत आलो. तरी एक माणूस मला सारखा आठवतो, लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील.

लोणी हे नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं गाव. विठ्ठलरावांची शाळा जेमतेम चौथीपर्यंत. प्रवरेच्या कालव्यानं शेतात ऊस आला, पण घरात पैसा आला नाही. गुळाचा भाव पडला की शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारात. म्हणून 1923 साली त्यांनी गावात पतपेढी उभी केली.

पुढे 1945 साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यावरच्या बागाईतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढावा, या कल्पनेला तिथं बळ मिळालं. पण कल्पना मांडणं वेगळं आणि कर्जबाजारी माणसाच्या कनवटीचे पैसे मागणं वेगळं. विखे शेअर गोळा करत गावोगाव हिंडले. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून ज्याची जमीन गेली, त्याला पुन्हा एका कागदावर अंगठा दे म्हणायचं! तिथं मागणाऱ्याचा चेहरा हेच तारण.

तेवढ्यानं अर्थातच भागलं नाही. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई राज्यात अर्थ आणि सहकार खातं सांभाळत होते. सरकारनंही भागभांडवल घातलं. 1950-51 साली पहिला गळीत हंगाम झाला.

आणि अध्यक्ष कोण? गाडगीळ. पायपीट विखेंची, खुर्ची गाडगीळांची, तीही जवळजवळ दहा वर्षं. विखे उपाध्यक्ष. कुणी म्हणेल, गाडगीळांच्या नावाला सरकारदरबारी वजन होतं, त्यात व्यवहार होता. असेलही. पण आपली चूक दाखवू शकेल असा माणूस स्वतःहून वरच्या खुर्चीत आणून बसवणारे पुढारी मी तरी फार पाहिले नाहीत.

1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली, पंडित नेहरूही त्याच वर्षी प्रवरेला येऊन गेले. 1980 साली विठ्ठलराव वारले. पुढं राज्यभर साखर कारखान्यांभोवती राजकीय घराणी वाढली, विखेंचंही त्यात आलं. त्याबद्दल बोलायला बोलणारे पुष्कळ आहेत.

अब्बांचा तो दाखला मी फाडला नाही. भिशी आता माझी बायको चालवते. वही ठेवते आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवते. मागच्या महिन्यात वीस रुपयांचा फरक निघाला, तेव्हा सगळ्याजणी रात्री दहापर्यंत आमच्या ओट्यावर बसून होत्या.