थंडी लवणात उतरते



आम्ही भोकरदन तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज आमच्याकडच्या थंडीविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, थंडीचं काय बोलायचं, ती तर दरवर्षीच पडते. पण ती कुठं जास्त पडते, कोणत्या रात्री पडते आणि घरात कुणाला आधी झोंबते, हे पाहून ठेवलं तर पीक वाचतं, आणि कधी कधी माणूसही.

आपल्या जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन-जाफराबादच्या अंगाला, अजिंठ्याची डोंगररांग आहे. पलीकडं खानदेशात ती कड्यासारखी एकदम खाली जाते. आपल्या बाजूला मात्र हळूहळू उतरत येते. म्हणून आपल्याकडं मोठी शिखरं नाहीत. माळ आहेत, टेकड्या आहेत आणि दोन टेकड्यांच्या मधली लवणं आहेत. केळना, जुई, धामणा या नद्या याच उतारानं वाहत पूर्णेच्या पाण्याला मिळतात. पावसाळ्यात पाणी ज्या वाटेनं खाली जातं, हिवाळ्यात थंडी त्याच वाटेनं खाली जाते. आजचं बोलणं या एका गोष्टीभोवतीच आहे.

उंचावर थंडी जास्त, असं आपण शाळेत शिकलो. हिमालयासारख्या मोठ्या डोंगराला ते खरंच आहे. पण आपल्या टेकड्या लहान. राजूरच्या गणपतीला अंगारकीला रात्रभर पायी चालत जाणाऱ्या बायांना विचारा. हिवाळ्यात अंगारकी आली तर नदी-ओढ्याच्या खोलगट भागातून जाताना अंगावर काटा येतो, शाल दोनदा गुंडाळावी लागते. आणि रस्ता चढाला लागला की गारठा कमी वाटतो. चालून अंग तापतं हे आहेच, पण तेवढंच नाही. तिथली हवाच वेगळी असते.

त्याचं कारण असं. दिवसभर जमीन ऊन पिते. सूर्य मावळला की ती ऊब वर आकाशात सोडायला लागते. आकाशात ढग असले तर ते गोधडीसारखे ऊब अडवतात. आकाश निरभ्र असलं तर गोधडीच नाही, सगळी ऊब निघून जाते. जमीन गार पडते, तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. वारा नसला की ती उतारावरून पाण्यासारखी सरकत खाली येते आणि लवणात साचून राहते. पहाटे लवणात, धरणाच्या कडेला धुई दाटलेली दिसते आणि वरच्या माळावर लख्ख उजाडलेलं असतं, ते यामुळेच.

वाऱ्याबद्दल आपली थोडी गफलत होते. उत्तरेकडून बोचरा वारा सुटला की आपण म्हणतो, आज कडाका आहे. अंगाला तो झोंबतो हे खरं. हिमालयात बर्फ पडून गेल्यावर तिकडची कोरडी, गार हवा खानदेश ओलांडून आपल्याकडं येते, तीच ही. पण वारा चालू असेपर्यंत वरची-खालची हवा घुसळत राहते, त्यामुळं पिकाला फार धोका नसतो. धोका असतो तो त्यानंतरच्या रात्री. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, चांदण्या टिपून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, झाडाचं पान हलत नाही. ती रात्र पिकाला मारते.

आता रेडिओवर सांगतात त्या आकड्याकडं येऊ. आज किमान तापमान 8 अंश, असं ऐकलं की आपल्याला वाटतं, आपल्या शेतातही 8 अंश. तसं नसतं. हवामान खात्याचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. आपला हरभरा हातभर उंचीचा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतचा पारा चार फुटांवरच्यापेक्षा तीन-चार अंशांनी सहज खाली असतो. शिवाय शेत लवणात असेल तर आणखी खाली. डिसेंबर 2018 च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. परभणी तर सपाटीवरचं गाव. तिथं चार फुटांवर 2, तर लवणातल्या हरभऱ्याच्या शेंड्याशी किती असेल, याचा अंदाज करा.

म्हणून आमच्या गटानं दोन साधे तापमापक घेतले. एक माळावरच्या आखाड्याला, एक लवणातल्या विहिरीजवळ. दोन्ही सावलीत, सारख्याच उंचीवर. उजाडायच्या आधी पाहायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. शाळेत जाणाऱ्या मुलींनी ते आवडीनं अंगावर घेतलं. ढगाळ रात्री दोन्हीकडं जवळजवळ सारखाच आकडा येतो. निरभ्र रात्री खालचा आकडा घसरतो. ही वही आता आम्हाला पंचांगापेक्षा जास्त उपयोगी वाटते, आमच्या सासवांनी ऐकलं तर रागावतील, पण खरं ते सांगितलं.

वही हाती आली की काय कुठं पेरायचं हे ठरवता येतं. गव्हाला थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. त्याला लवणातली जागा चालते. हरभऱ्यालाही थंडी हवी, पण फुलोऱ्यात कडाका आला की फुलं गळतात. मोसंबीचं नवं रोप तर अगदी लवणात लावूच नये. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: शेताच्या खालच्या बांधावर दाट कुंपण किंवा गच्च झुडपं असतील तर गार हवा तिथं अडते, जसं बांधाला पाणी अडतं. तिला खाली निघून जायला कुंपणात मोकळी वाट ठेवा.

कडाक्याच्या रात्रीआधी पिकाला हलकं पाणी द्यावं, असा सल्ला कृषी विद्यापीठ देतं. तो बरोबर आहे. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. धुराचं मात्र आम्हाला तितकंसं पटत नाही. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर केला की पीक वाचतं म्हणतात; पण एकट्यादुकट्या शेताचा धूर काही गोधडी होत नाही. खोकला तेवढा होतो.

पाण्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. शेतीची वीज पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात ऐन पौषात रात्री अकराला मोटार चालू करायची आणि गुडघाभर गार चिखलात दारं मोडायची. ही कामं पुरुषांची, असं कागदावर असेल. ज्या घरचा माणूस बाहेरगावी कामाला आहे, ज्या बाया एकट्या आहेत, तिथं कोण जातं हे आपण सगळ्या जाणतो. साप-विंचवाची भीती वेगळी. लवणात तर गारठाही जास्त, कारण तीच हवा तिथं साचलेली.

आमच्यापुरतं आम्ही असं ठरवलं: रात्रपाळीला एकटीनं जायचं नाही, शेजारच्या दोन शेतांची पाळी जोडून घ्यायची. ओली साडी अंगावर वाळवायची नाही, कोरडं लुगडं आणि पायमोजे आखाड्यावर ठेवायचे. हातपाय बधिर झाले, बोलताना जीभ अडखळायला लागली, की काम तिथंच थांबवायचं; अंग कोरडं करायचं, पांघरायचं, गरम काहीतरी प्यायचं. दारू पिऊन ऊब येते हे खोटं आहे, उलट अंगातली ऊब निघून जाते. हे घरच्या पुरुषांना सांगा. कायमचा उपाय दिवसाच्या विजेचा. राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. मात्र अर्जाला सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर आपलं नाव किती जणींचं आहे? लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्यानं संमती दिली की बायकोचं नाव त्याच्याबरोबर लावता येतं. तलाठ्याकडं विचारा.

आता घरातलं. थंडी आधी गाठते ती तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्या माणसाला. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आपली जुनी रीत. पूर्वीच्या कुडाच्या, कौलारू घरात फटी होत्या, हवा खेळायची. आता स्लॅबची खोली, लोखंडी खिडकी, दाराखाली फट नको म्हणून पोतं. अशा बंद खोलीत निखाऱ्यातून विषारी वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातं. शेगडी पेटलेली ठेवून दार लावून झोपू नका, कोणत्याही घरात, कोणत्याही रात्री. बाळाला ऊब द्यायची तर आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरा, डोक्याला टोपडं घाला. नुसत्या लंगोटावर बाळ उराशी राहिलं की आईच्या अंगाची ऊब त्याला मिळते. कमी वजनाच्या बाळाला तर याहून चांगलं औषध नाही. जन्मल्याबरोबर आंघोळ घालू नका. बाळाचं पोट किंवा पाय गार लागत असतील, ते दूध ओढत नसेल, तर आशाताईला लगेच बोलवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिनं सहा वेळा घरी यायचं असतं.

मंठा, घनसावंगी, अंबडकडच्या ज्या बहिणी ऊसतोडीला गेल्या आहेत, त्यांच्या कोपी बहुतेक नदीकाठी, सखल जागेत असतात. त्यांच्याशी फोनवर बोलताना एवढं सांगा: जमलं तर कोप चढावर घाला, खाली पाचट जाड अंथरा. ऊब वरच्या पांघरुणापेक्षा खालच्या जमिनीत जास्त जाते.

गुरांचं थोडक्यात. गोठ्याला उत्तरेच्या अंगानं बारदान लावा, पण गोठा पूर्ण कोंडू नका. सकाळी हौदातलं शिळं पाणी बर्फासारखं असतं, विहिरीचं ताजं पाणी कोमट, तेच पाजा.

शेवटचं ढगांविषयी. जानेवारी सरता सरता ढग आले की थंडी मोडली म्हणून बरं वाटतं. पण 11 फेब्रुवारी 2018 ची गारपीट आपल्या जिल्ह्यानं पाहिली आहे. उभा हरभरा, गहू, द्राक्षाचे बाग आडवे झाले आणि माणसंही गेली. उकाडा वाढून काळे ढग दाटले तर सोंगणी टाकून पक्क्या छताखाली या. झाडाखाली थांबू नका. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर मोफत मिळतं, गटातल्या एका तरी बाईच्या फोनवर ते असू द्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. बुधवारच्या आणि शनिवारच्या बैठकीत आम्ही तो मोठ्यानं वाचतो, आणि शेजारी आमची वही उघडी ठेवतो.